बटणमास्तरची शेवटची चाल

अन्या, तुझी शेवटची चाल वाजता वाजंना.

शहागंजातल्या मुश्ताकभाईच्या स्टुडिओत मी खुर्चीच्या टोकावर बसले होते, पर्स मांडीवर घट्ट धरून, आन् समोर पडद्यावर तुझी चाल उघडलेली. हिरव्या काड्या आडव्या मांडल्यासारख्या, काही आखूड, काही लांब, ओळीखाली ओळ. एक उभी रेघ त्यांच्यावरून सरकायची, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. काड्या उजळायच्या, विझायच्या. आवाज मात्र नाय. मुश्ताकभाईनं वायर काढून लावली, स्पीकर वाजवून बघितला, पुन्हा रेघ सोडली. नुसता डोक्यावरचा पंखा घरघर करायला. मला वाटलं, तू काचेच्या पलीकडून तोंड हलवायलास आन् मला कायबी ऐकू येत नाय. मी उठून उभीच राहिले. म्हणलं, "मुश्ताकभाई, मेली का ही बी?"

"नै आपा, मरी नै. इसमें आवाज हैच नै. ये रिकॉर्डिंग थोडी है. कौन सी पट्टी दबाई, कित्ते जोर से दबाई, कब छोडी, बस उत्ता लिखेला है. उंगलियाँ समझो. आवाज अपन को इधर से देना पडता. एक-एक लाईन को एक-एक बाजा बिठाना पडता."

उंगलियाँ. तुझी बोटं, अन्या. तुला घरी आणलं तेव्हा मी तीच हातात धरून बसले होते. थंडगार पडली होती. आन् हा बाबा म्हणतो, बोटं इथं आहेत, आवाज तेवढा तुम्ही द्या.

तुला सगळं सांगते, कारण तुझ्याशिवाय हे कुणाला कळायचं नाय. जलदान विधी झाला, माणसं पांगली, आन् रेखानं तुझी कीबोर्डची बॅग माझ्यापुढं आणून ठेवली. तिला उघडवत नव्हती. नवऱ्याची बॅग बायकोला उघडवंना, म्हणून बहिणीनं उघडायची. बहीण काय दगडाची असती? आतल्या खिशात पेनड्राईव्ह होता. कॉम्प्युटर तर तुझं आधीच जळून गेलं होतं. मुकुंदवाडीची लाईट कधी पंख्याला पुरायची नाय, कधी एकदम अशी यायची की घरातलं सगळं फुंकून टाकायची. पेनड्राईव्हमध्ये आपली जुनी गाणी होती, आन् सगळ्यात खाली एक फाईल, 'नवी चाल'. बस्स. कुणाची, कशासाठी, कायबी लिहिलेलं नाय.

"आक्का, पुढं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय, त्याला हीच वाजवा," रेखा म्हणली. "त्यांची शेवटची हाय."

मी व्हय म्हणलं. पण खरं सांगू का, मला ती वाजवायची नव्हती. मला एवढंच बघायचं होतं की तू ती कुणासाठी केलीस. कारण तू गेलास तेव्हा आपलं बोलणं बंद होतं. शेवटी शेवटी तू वाळूजच्या त्या गाणाऱ्या दीपकसंगं कार्यक्रमाला जायला लागला होतास. चाल माझी असंल, तर तू माझ्यावर रुसलेला गेला नाहीस. चाल दीपकची असंल, तर तू मरायच्या आधीच मला सोडून गेला होतास. मधलं काय नाय. ह्या एका गोष्टीपायी मला भाकर गोड लागत नव्हती. अंगणवाडीतली पोरं 'बाई, बाई' करून पदर ओढायची आन् मला ऐकूच यायचं नाय.

मुश्ताकभाईनं मग पहिल्यांदा वाजवून दाखवलं. सगळ्या ओळींना एकच वाद्य बसलं होतं, पियानो. अन्या, तू असतास तर लोळून हसला असतास. तुझी बासरी पियानो, तुझा बेंजो पियानो, आन् ढोलकी बी पियानो! कुणीतरी चिडून पियानोवर पातेली आपटायलंय असं वाटलं. मला हसू आलं आन् हसता हसता जे रडू फुटलं, ते थांबंना. मुश्ताकभाई बिचारा पाण्याची बाटली घेऊन उभा. "आपा, अभी बाजे बदलता मैं, रुको ना."

मग एकेक बाजा. ह्या ओळीला बासरी, त्या ओळीला बेंजो. कॉम्प्युटरमधलीच वाद्यं सगळी, हवेतली. ना लाकूड, ना तार. ढोलकीनं लई छळलं. तू तुझ्या ढोलकीचे बोल कुठल्या कुठल्या पट्टीवर बसवले होतेस ते तुलाच ठाऊक. मुश्ताकभाईच्या ढोलकीत त्या जागी भलतंच काही होतं. 'धा' यायच्या जागी टाळी वाजायची आन् थाप यायच्या जागी झांज. मी तोंडानं बोल सांगायचे, तो एकेक काडी उचलून दुसरीकडं ठेवायचा. चहा आला, गार झाला, पुन्हा आला. एका ओळीत एकच काडी होती, लांबलचक. मुश्ताकभाई म्हणाला, "ये गलती से दबी होगी, एकच नोट है," आन् तिचा पियानो काढून, वाद्य न लावता तिला तशीच ठेवली. मला बी काय कळत होतं? मी म्हणलं, राहू द्या.

आन् मग वाजली रे. तुझी चाल. मी डोळे मिटले. बासरीचा पहिला तुकडा आला आन् माझ्या अंगावर काटाच आला, तो तूच होतास, ते वळण तुझंच, शेवटचा सूर जरा ओढून सोडायची खोड तुझीच. मी सा लावला, हळूच, नुसत्या हुंकारानं.

बसंना. वर जावं तर गळा तुटतोय, खाली यावं तर आवाज विहिरीत. माझी पट्टीच नव्हती ती.

"ये तो सफेद एक में है, आपा," मुश्ताकभाई म्हणाला. त्याला बी वाईट वाटायलं होतं, खाली बघून बोलला. "आप का काली पाँच. सफेद एक तो... दीपकभाई का है. उनका गाना मैंनेच रिकॉर्ड किया इधर."

झालं. पडला जीव भांड्यात म्हणतात, माझा भांड्याच्या बाहेर पडला. त्यात शेवटच्या अंतऱ्याच्या तोंडाशी, जिथं चाल वर चढायची, तिथं सगळं एकदम बंदच पडलं. बासरी नाय, ढोलकी नाय, कायबी नाय, चांगलं मोठं भगदाड. मग पुन्हा सगळं सुरू. "यहाँ फाईल खराब हुई," मुश्ताकभाई म्हणाला. "काट के जोड देऊं?"

"काप," मी म्हणलं. "माझ्या बापाचं काय जातंय. दीपकची हाय ना? काप."

त्यानं कापलं. मी पर्स उचलली आन् निघाले.

शहागंजच्या घड्याळापाशी आले आन् भर बाजारात, खजूरवाल्याच्या गाडीसमोर, तुला मोठ्यानं शिवी दिली. लोक बघायला लागले. तुला 'मुडद्या' म्हणायची सवय माझ्या जिभेला, लहानपणापासूनची. 'मुडद्या, जेवून घे.' 'मुडद्या, शर्ट बदल.' आता तोंडातून निघालं आन् माझं मलाच कसंतरी झालं. ती शिवी बी तू माझ्याकडनं काढून घेतलीस.

मुश्ताकभाई म्हणला होता, दीपकला एक फोन लावून विचारा. मी? मी दीपकला विचारू, की बाबा, माझ्या सख्ख्या भावानं चाल तुला केली का मला केली? जीव गेला तरी नाय विचारणार.

रिक्षात बसले आन् सगळं मागं मागं जायला लागलं. विहारातली ती जुनी पेटी आठवती का तुला? तिच्या निम्म्या काळ्या पट्ट्या दाबल्या की वर यायच्याच नाहीत. तू तिच्यावर शिकलास, म्हणून तुझी बोटं एकाच पट्टीला धरून शिकली, पांढरी एक. गाणाऱ्याचा सा जिथं बसतो ती त्याची पट्टी. माझी काळी पाच. चांगले वाजवणारे गाणाऱ्याच्या पट्टीवर बोटं नेतात. तुला ते जमलंच नाय कधी. मग तू कीबोर्ड घेतलास आन् त्याला ते बटण होतं. बटण दाबायचं, वाजवायचं पांढरी एक, निघायचं काळी पाच. सगळ्या गायन पार्ट्यांमध्ये तुझी चेष्टा, बटणमास्तर! एकदा फर्दापूरला कुणी विचारलं, "मास्तर, बटण निघालं तर काय करशील?" तू माझ्याकडं बोट दाखवून म्हणलास, "तर आक्काला पांढरी एकवर गायला लावीन, लोक पळून जातील, कार्यक्रम लवकर सुटंल." मी पायातली चप्पल दाखवली होती तुला, भर स्टेजवर.

आपली पार्टी केवढी होती तेव्हा! जीपमध्ये माणसांवर माणसं. मग ती दुष्काळाची सालं आली. गावं पाण्याच्या टँकरमागं पळायला लागली, गाण्याला कोण बोलावतंय? जयंतीची वर्गणी टँकरला जायची, आन् ते बी बरोबरच होतं. बेंजोवाला शेंद्र्याच्या कंपनीत गेला. ढोलकीवाल्यानं बायपासच्या नव्या बिल्डिंगीवर वॉचमनकी धरली. जिथं आपण जोंधळ्याच्या रानातून कार्यक्रमाला जायचो तिथं प्लॉटिंगचे चुन्याचे पट्टे पडले, मग फ्लॅट उभे राहिले, आन् नळाला पाणी आठ आठ दिवस नाय. शेवटी उरले नामदेवकाका, बासरीवाले. ते बी लेकाकडं पुण्याला गेले.

मी म्हणलं होतं, आता बास. घरी बसू. तू म्हणलास, "आक्का, तू गा. बाकीचे मी आणतो." आन् कुठून तरी जुनं कॉम्प्युटर उचलून आणलंस. उन्हाळ्याच्या दुपारी, पत्र्याच्या खोलीत, बनियनवर बसून, कीबोर्डची तार कॉम्प्युटरला जोडून, तू एकेक माणूस परत आणलास. बेंजोवाला आणलास, ढोलकीवाला आणलास. तुझी पहिली बासरी कुकरच्या शिट्टीसारखी वाजायची, शेजारीण बाहेर येऊन विचारायची, "किती शिट्ट्या झाल्या?" पण तू सोडलं नाहीस. त्या सालांमध्ये मी गात राहिले ते तुझ्यामुळं, अन्या. स्कूटरवर मागं कीबोर्ड धरून बसायचे मी, स्टेजवर कीबोर्डला लावायचा पेनड्राईव्ह तुझ्या वरच्या खिशात, आन् अख्खी पार्टी त्या खिशात. हे मी तुला तोंडावर कधी म्हणलं नाय. म्हणायचं असतं, हे कुणी सांगितलं नाय मला. आपल्या घरात कुणी कुणाला 'बरं केलंस' म्हणल्याचं तुला आठवतंय का?

आन् मग पाचोड.

पाचोडला माझा आवाज फाटला. अंतऱ्याच्या वरच्या सुरावर, समोर अख्खं गाव बसलेलं. पुढचं गाणं सुरू झालं आन् पहिल्याच सुराला मला कळलं, तू मला न विचारता बटणानं पट्टी उतरवली होतीस. काळी चार. मी माईकवरच म्हणलं, "पट्टी वर घे." तू मान हलवलीस, नको. मी पुन्हा म्हणलं. तू वर घेतलीस आन् माझा आवाज पुन्हा फाटला, पहिल्यापेक्षा वाईट.

परतीच्या रस्त्यावर टँकरच्या रांगेमागं स्कूटर अडकली आन् आपलं तिथंच जुंपलं. ड्रायव्हर लोक खाली उतरून बघायले होते.

"आक्का, गळा बसलाय तुझा. एक पट्टी उतरलीस तर काय बिघडतं?"

"मला न विचारता माझी पट्टी उतरवतोस? काळी पाचवर गाणारी बाई म्हणून ओळखतात मला!"

"वय होतं की माणसाचं."

"वयाचं बोलू नको! श्वास घ्यायला जागा देत नायस आन् वर म्हणतोस गळा बसला. नामदेवकाका होते तेव्हा अंतऱ्याआधी थांबायचे माझ्यासाठी. सा धरून उभे राहायचे, मी श्वास घेईपर्यंत. तुझं कॉम्प्युटर थांबतंय का कुणासाठी? सुटलं की सुटलं, मशीनच ते! मी मेले तरी वाजत राहील!"

तू स्कूटरला किक मारलीस. मग एवढंच म्हणलास, "तू गा काळी पाचवर. मी नाय वाजवत." आन् मला घराशी सोडून गेलास, आत पाणी प्यायला बी आला नाहीस.

मी चुकले असं मी आज बी म्हणणार नाय. न विचारता पट्टी उतरवायची नसती. पण तू नंतर एकदा फोन केला होतास. "आक्का, एक चाल केलीय, ऐक तरी," म्हणलास. मी म्हणलं, "ज्याला केली त्याला ऐकव," आन् ठेवला. मला वाटलं, दुनियेच्या चाली तू आधी मलाच ऐकवतोस, दीपकची बी तशीच ऐकवत असशील. मला वाटलं, पुन्हा करशील. तू नेहमी पुन्हा करायचास.

केला नाहीस.

पुण्यानुमोदन जवळ आलं. रेखा रोज विचारायची, "झाली का चाल?" आन् मी रोज खोटं बोलायचे, "होतीय." शेवटी पुन्हा मुश्ताकभाईकडं गेले. ठरवूनच गेले होते की तुझी नवी चाल लावायचीच नाय. आपलं जुनं गाणं लावायचं. तेच, जयंतीचं, जे मी गावोगाव गायले, काळी पाचवर, छाती काढून. ते तरी माझंच होतं, त्यात दीपक नव्हता.

मुश्ताकभाईनं पहिल्या दिवशी आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली फाईल उघडली, वाद्यं बसवली, रेघ सोडली. मी पदर खोचून उभी राहिले आन् सा लावला.

बसंना.

मला वाटलं, गळा गेला माझा. खरंच गेला. मी पुन्हा लावला. गाणं कुठंतरी वर आन् मी कुठंतरी खाली. मुश्ताकभाईनं पेटीवर बोट ठेवून बघितलं. "ये भी सफेद एक?" तो म्हणाला. त्यानं तिसरी फाईल उघडली, मग चौथी. सगळी पांढरी एक. माझं आयुष्य गेलं त्या गाण्यांत काळी पाचवर, आन् इथं एकाला बी काळी पाच ठाऊक नाय!

"अगं बाई गं!" मी कपाळावर हात मारला. "मुश्ताकभाई, बटण! माझा भाऊ बटणमास्तर होता!"

त्याला आधी कळंना. मग कळलं तसा तो खुर्चीवरून उठलाच. "अरे यार! बटन तो कीबोर्ड के आवाज को हुआ. तार में से कम्प्यूटर में तो उंगलीच आती. मैंनेच बोला ना आप को, उंगलियाँ है करके!" आन् स्वतःच्याच डोक्यात टपली मारून घेतली.

फाईलीत तुझी बोटं होती, अन्या, आन् तुझ्या बोटांना जन्मभर एकच पट्टी येत होती. माझ्यासाठी वाजव, दीपकसाठी वाजव, काड्या पडायच्या त्या पांढरी एकवरच.

मला एक घटकाभर हसू आलं. आन् मग दुसरं ध्यानात आलं. पट्टीवरून तुझी चाल दीपकची ठरत नव्हती, तशी ती माझी बी ठरत नव्हती. फाईलीला कुणाचं नावच ठाऊक नाय. मी पुन्हा होते तिथंच. आता तर विचारायला बी जागा नाय, भांडायला बी नाय. मी स्टुडिओच्या सतरंजीवर बसले, भिंतीला टेकून. अशी पाळी कुणावर न येवो. मला वाटलं, संपलं. आता जन्मभर हे असंच छातीवर घेऊन हिंडायचं.

जुनं गाणं तसंच चालू होतं. कुणी बंद केलं नव्हतं. ते अंतऱ्यापाशी आलं आन् न थांबता वर चढलं, आन् माझा श्वास सवयीनं तुटला, जसा पाचोडला तुटला होता. गात बी नव्हते मी, तरी तुटला. 

आन् मला ते भगदाड आठवलं.

"मुश्ताकभाई, ते कापलेलं कुठंय?"

"कौन सा?"

"नव्या चालीतलं! अंतऱ्याआधीचं! तुम्ही कापलं ते!"

"आपनेच बोला ना आपा काप करके. मैंने उसी पे सेव्ह किया..." मग माझं तोंड बघून घाबरला. "पेनड्राईव्ह में असली होगी. किधर है पेनड्राईव्ह?"

मी पर्स सतरंजीवर पालथी केली. औषधाच्या गोळ्या, रुमाल, अंगणवाडीच्या चाव्या, सगळं गडगडत गेलं. पेनड्राईव्ह नाय. पुन्हा चाचपली. अस्तर फाटलं होतं, त्याच्या आत जाऊन बसला होता. लावला तर कॉम्प्युटर त्याला ओळखंना. मुश्ताकभाईनं काढला, फुंकर मारली, दुसरीकडं लावला. माझे हात जोडलेले होते, कुणापुढं ते मला ठाऊक नाय. 

उघडली.

भगदाड जिथल्या तिथं होतं. आन् ह्या वेळी मी कान देऊन नाय, डोळे देऊन बघितलं. खराब झालेली फाईल अशी तुटती का रे? सगळ्या ओळी एकाच जागी थांबलेल्या, कडेला कड लावून, आन् पुन्हा एकाच जागी सुरू. कुणीतरी हातानं थांबवल्याशिवाय असं होत नाय. आन् त्या मोकळ्या जागेत, सगळ्यात खालच्या ओळीत, ती एकटी लांब काडी. जिला आम्ही चूक म्हणून वाद्यच लावलं नव्हतं.

"हिला बासरी लावा," मी म्हणलं.

"आपा, एकच नोट है..."

"लावा म्हणते ना!"

रेघ सरकत आली. ढोलकी थांबली, बेंजो थांबला. आन् त्या शांततेत बासरीचा एकच सूर उभा राहिला, लांब, सरळ, हलला बी नाय.

सा.

नामदेवकाका धरायचे तसा. माझा श्वास होईपर्यंत.

अन्या रे. टँकरच्या रांगेमागं, लोक बघत असताना, मी जे ओरडले होते, ते तू ऐकलं होतंस. काही न बोलता ऐकलं होतंस, आन् घरी जाऊन, त्या पत्र्याच्या खोलीत बसून, तुझ्या त्या मशीनला माझ्यासाठी थांबायला शिकवलं होतंस. फोनवर हेच ऐकवायचं होतं तुला. मी मुश्ताकभाईच्या टेबलावर डोकं ठेवलं आन् लहान पोरीसारखी रडले. तो बी रडला. चहावाला आला, दारातूनच परत गेला.

जरा वेळानं मुश्ताकभाईनं नाक पुसलं आन् विचारलं, "पट्टी कौन सी रखूं? काली पाँच ना?"

तुझ्या फाईलीला तेवढंच ठाऊक नव्हतं. ते तू मला न विचारता ठरवलं नाहीस ह्या वेळी.

"काळी चार," मी म्हणलं.

"आप तो पाँच गाते..."

"चार म्हणलं ना."

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारात माणूस मावत नव्हतं, पाचोडची सुद्धा माणसं आली होती. दीपक आला होता. मागं उभा राहून रडायला होता, मी त्याला पुढं बोलावून बसवलं. वंदना झाली. मग मुश्ताकभाईनं तुझी चाल सोडली. शब्द नव्हतेच तिला, ते तू मला विचारून बसवणार होतास. मी नुसत्या आकारात गायले, तुझ्या फोटोकडं बघत. आन् अन्या, काळी चारवर आवाज कसा मोकळा निघाला ते ऐकायला पाहिजे होतंस. 'बघ, मी म्हणलं नव्हतं?' म्हणून दात काढले असतेस. काढायचे होतेस रे, मी कायबी बोलले नसते.

शेवटचा अंतरा आला आन् सगळं थांबलं. लोकांना वाटलं लाईट गेली. कुणीतरी वायर बघायला उठलं बी. मी हात वर करून त्याला खाली बसवलं. बासरीचा सा तेवढा चालू होता.

मी पोटभर श्वास घेतला. किती सालांनी घेतला असंल.

थांबलं रे तुझं कॉम्प्युटर माझ्यासाठी. तू बी थांबायचं ना जरासं.